दोन कड्या जास्त

ऋतिकाची सायकल गुलाबी, मागे सोळा दात.
दिघ्याचा चढ सोळा दातांचा नाही.
पण सायकल मामाने दिलेली,
मामाने दिलेल्या सायकलचे दात कोण मोजतो.

मुनाफ पाववाल्याची काळी सायकल
दोन वर्षं माझ्या पत्र्याला टेकून होती.
त्याने स्कूटर घेतली, बॅटरीवाली.
"ठेवा मेस्त्री, लोखंड आहे," म्हणाला.
तिच्या मागे वीस दात.
पावाला वजन नसतं म्हणतात,
तीन पत्र्याचे डबे बांधून
पहाटे ईश्वरनगर चढून बघा.

काळीचं फ्रीव्हील गुलाबीला बसवलं
आणि चेन पुरेना.
दोन कड्या कमी. इंचभर.

"मग काळीची अख्खी चेनच लावा ना."
मी फूटपट्टी लावून दाखवली:
चोवीस कड्यांना बारा इंच हवेत,
हिला बारा आणि वर एक सूत.
लोखंड ताणत नाही गं,
पिना झिजतात, भोकं मोठी होतात,
एकेक कडी केसभर सैल.
सगळ्यांचे केस मिळून एक सूत.

तरी दोन घेतल्याच, त्यातल्या त्यात बऱ्या.
रात्रभर डिझेलमध्ये ठेवल्या.

पिन ठोकताना एवढंच सांभाळायचं:
पूर्ण बाहेर काढायची नाही.
पलीकडच्या पट्टीत नखाएवढी धरून ठेवायची.
एकदा सुटली की परत सरळ जात नाही.
बत्तीस वर्षं फिटर होतो, मलाही जमत नाही.
आमची कंपनी रबाळ्यात, रोडलाच होती.
आता तिथे बिनखिडक्यांची इमारत,
आत म्हणे यंत्रं, थंडीत ठेवलेली.
गेटवरच्या पोराला विचारलं, काय बनतं इथे?
"बनत काही नाही काका. साठवतात."

जोड कडक बसला.
आडवा धरून अंगठ्यांनी वाकवला,
इकडे, तिकडे, पुन्हा इकडे,
तेव्हा कुठे मान हलवायला लागला.
दुसऱ्या टोकाला लॉक. इवलासा मासा,
तोंड पुढे, शेपूट मागे.
"उलटा बसला तर?"
तर एखाद्या दिवशी पोहत निघून जाईल.
ती हसली नाही.
खाली वाकून माशाचं तोंड तपासलं.

चार दिवसांनी परत आली.
"मेस्त्री, चेन बोलते."
मागचं चाक उचलून पेडल फिरवलं.
अडीच फेऱ्या, कट.
आणखी अडीच, कट.
मुनाफच्या कड्या, दुसरं कोण.
त्या दातांना ओळखतात,
शेजारच्या कड्या अजून ओळखत नाहीत.

"काढू? नवीनच टाकू, अडीचशेला?"
"नको. मी मोजते."
शाळेत जाताना एकावन्न,
येताना एकशे अठ्ठावीस.
"रस्ता तर तोच आहे," ती म्हणाली,
म्हणजे उत्तर तिला माहीत होतं.

उताराला पेडल थांबतं, चेन थांबते.
एवढं मलाही कळलं.
पण हातात धरून ढकलली
तरीही चेन थांबलेलीच असते.
मी पाना खाली ठेवला, हिशेब मांडला:
एका कटाला साडेअकरा मीटर,
एकशे अठ्ठावीस कट,
दीड किलोमीटरला थोडंसं कमी.
आणि शाळा दीडच आहे.

"तू देवळापाशी उतरतेस ना?"
"उतरायचे."

आता संध्याकाळी सहाच्या सुमारास
मी हवेचा पंप बंद करतो.
खालच्या वळणावर पहिला ऐकू येतो.
मग दुसरा लगेच.
मग चढ लागतो आणि दोन कटांमधली जागा
लांबत जाते, लांबत जाते,
एखादा डंपर मध्येच जातो आणि वाटतं, चुकला.

कट.

पाण्याच्या टाकीपुढचे मला ऐकू येत नाहीत.
ते तिचे ती मोजते.